चित्रातला ठिपका कोणाचा?



काही आजारांविषयी आपण मोकळेपणाने बोलतो. रविवारची मिस्सा सुटली की चर्चच्या आवारात आपली ज्येष्ठ मंडळी साखर, रक्तदाब, गुडघे आणि मोतीबिंदू यांच्या गप्पा मारत उभी असतात. कोणत्या डॉक्टरच्या हाताला गुण आहे याची चौकशी होते. प्रोस्टेटचे नाव निघाले की मात्र आवाज खाली येतो. हा आजार लघवीशी आणि पुरुषपणाशी जोडलेला, म्हणून लाजेचा वाटतो. वास्तविक इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये मुंबईत देशातील पहिली लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी सुरू केली, आणि आज त्या नोंदणीत मुंबईच्या पुरुषांना होणाऱ्या प्रमुख कर्करोगांमध्ये प्रोस्टेटचा कर्करोग येतो. तेव्हा हा आजार आपल्या धर्मग्रामातील घरांनाही चुकणार नाही.

या आजारासाठी गेल्या काही वर्षांत एक नवी तपासणी आली आहे. प्रोस्टेटमधील गाठ नेमकी कुठे आहे, ती बाहेर पसरली आहे का, हे पेट स्कॅनच्या एका विशेष प्रकाराने चित्रात दिसू लागले आहे. पूर्वी जे अंदाजाने ठरवावे लागे, ते आज डोळ्यांना दिसते. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु आजाऱ्यांच्या भेटीला घरोघर जाताना आम्हाला जाणवते की, या चित्राबरोबर एक जुनाच प्रश्न नव्या जोराने घरात शिरला आहे. चित्रात जे दिसले ते कोणाचे? ते आधी कोणाला कळावे? आणि त्यावर पुढे काय करायचे, हे कोणी ठरवावे? आज आपण या प्रश्नाचा विचार करू या.

प्रथम ही तपासणी समजून घेऊ. प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या खाली असलेली, साधारण अक्रोडाएवढी ग्रंथी आहे. लघवीची नळी तिच्यामधून जाते. वयाबरोबर ही ग्रंथी बहुतेक पुरुषांत वाढते, आणि वाढ झाली म्हणजे कर्करोग झाला असे मुळीच नाही. रक्तातील पीएसए नावाच्या घटकाचे प्रमाण वाढले की डॉक्टरांना शंका येते. पण साध्या वाढीने किंवा जंतुसंसर्गानेही पीएसए वाढतो. म्हणून शंका खरी की खोटी हे पाहण्यासाठी ग्रंथीचे लहान तुकडे सुईने काढून तपासतात. अनेक वर्षे हे तुकडे ठरावीक जागांवरून, सर्वसाधारणपणे बारा, असे काढले जात. सुई जिथे गेली तिथे गाठ नसली, तर गाठ असूनही हाती लागत नसे. पुढे एमआरआयमुळे संशयाची जागा आधी पाहता येऊ लागली. आता त्याच्या जोडीला पेट स्कॅन आला.

पेट स्कॅनमध्ये रुग्णाला शिरेतून अत्यल्प किरणोत्सारी औषध देतात. त्यातील अणूंमधून निघणारा एक सूक्ष्म कण शरीरातील इलेक्ट्रॉनला भेटतो, दोघेही नाहीसे होतात आणि त्या जागेवरून दोन किरण बरोबर विरुद्ध दिशांना सुटतात. यंत्राचे कडे हे दोन्ही किरण टिपते आणि ते कोणत्या रेषेवरून आले ते नोंदवते. अशा असंख्य रेषा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे चित्रात ठिपका उजळतो.

नेहमीच्या पेट स्कॅनमध्ये साखरेसारखे औषध वापरतात, कारण बहुतेक कर्करोग साखरेचे हावरे असतात. प्रोस्टेटच्या अनेक गाठी मात्र साखर फारशी घेत नाहीत. शिवाय ते औषध लघवीवाटे बाहेर पडताना शेजारचे मूत्राशयच उजळून टाकते. त्यामुळे या रोगात त्या तपासणीचा उपयोग बेताचाच होता. मग शास्त्रज्ञांनी वेगळी वाट काढली. प्रोस्टेटच्या कर्करोगी पेशींच्या पृष्ठभागावर पीएसएमए नावाचे प्रथिन मोठ्या प्रमाणावर असते. त्याला जाऊन चिकटेल असा रेणू तयार करून त्याला किरणोत्सारी गॅलियम जोडले. जर्मनीतील हायडेलबर्ग येथे २०११ च्या सुमारास हे औषध रुग्णांसाठी वापरले गेले आणि काही वर्षांतच जगभर पोहोचले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला डिसेंबर २०२० मध्ये मान्यता दिली.

या गॅलियमचे आयुष्य फार थोडे. ६८ मिनिटांत ते निम्मे होते. बोरिवलीहून धीम्या गाडीने चर्चगेटला पोहोचेपर्यंत अर्धे संपलेलेच समजा. म्हणून ते दूरच्या कारखान्यातून मागवता येत नाही. रुग्णालयात जर्मेनियम भरलेली एक पेटी ठेवतात. तिच्यात गॅलियम सतत तयार होत राहते आणि तंत्रज्ञ ते हवे तेव्हा काढून घेतात. त्यांच्या बोलीत याला दूध काढणे असेच म्हणतात.

आपल्या मुंबईचे या क्षेत्रातील काम जुने आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर परळला टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या आवारात १९६३ पासून काम करीत आहे. पेट स्कॅनची औषधे बनवणारा देशातील पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन तिथेच २००२ मध्ये सुरू झाला. त्यानंतर दोन वर्षांनी टाटा रुग्णालयात पेट आणि सीटी एकत्र करणारे यंत्र आले. आज मुलुंड-घाटकोपरहून किंवा अंधेरी-बोरिवलीहून हातात जाड फाइल धरून परळची वाट धरणारे कितीतरी लोक आपण गाडीत पाहतो.

ही तपासणी किती चांगली आहे? ऑस्ट्रेलियात २९१ पुरुषांवर झालेला एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. ग्रंथीच्या आतील महत्त्वाचा कर्करोग एकट्या एमआरआयने १०० पैकी ८३ जणांत ओळखता आला. पेट स्कॅनची जोड दिल्यावर हे प्रमाण ९७ झाले. ही मोठीच झेप आहे. मात्र त्याच अभ्यासाची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी. ज्यांना महत्त्वाचा रोग नव्हता, त्यांच्यापैकी अधिक जणांवर जोडतपासणीमुळे विनाकारण संशय आला. म्हणजे जास्त प्रकाश पाडला, तर खरा चोर सापडण्याची शक्यता वाढते आणि निरपराध माणूस पकडला जाण्याचीही वाढते.

शिवाय काही मिलिमीटरपेक्षा लहान गाठ या यंत्राला दिसत नाही. थोड्या रुग्णांच्या गाठींवर पीएसएमए पुरेसे नसते, म्हणून त्या उजळतच नाहीत. याउलट लाळेच्या ग्रंथी आणि मूत्रपिंडे कोणताही रोग नसताना उजळतात, आणि कधी कधी बरगडीवरचा निरुपद्रवी ठिपकाही घाबरवून सोडतो. तेव्हा चित्राला वाचणारा लागतो, आणि बहुधा तुकडा तपासून खात्री करावी लागते.

परंतु समजा, खात्री झाली. गाठ आहे, आणि ती कुठे आहे हेही कळले. तरी पुढे काय करायचे ते चित्र सांगत नाही. इथेच वैद्यकशास्त्राचा प्रश्न थांबून आपला प्रश्न सुरू होतो.

ब्रिटनमध्ये प्रोस्टेटपुरता मर्यादित कर्करोग असलेल्या १,६४३ पुरुषांवर एक मोठा अभ्यास झाला. काहींवर शस्त्रक्रिया केली, काहींना किरणोपचार म्हणजे आपल्याकडे लोक ज्याला शेक म्हणतात तो दिला आणि काहींवर केवळ नियमित लक्ष ठेवले. पंधरा वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. या रोगाने मरण पावलेल्यांचे प्रमाण तिन्ही गटांत १०० मागे साधारण ३ किंवा त्याहून थोडे कमीजास्त होते. लक्ष ठेवलेल्या गटात रोग पसरण्याचे प्रमाण अधिक होते हे खरे. पण शस्त्रक्रिया झालेल्यांना लघवीवर ताबा न राहणे आणि वैवाहिक जीवनात अडचण येणे हे त्रास जास्त झाले. या तिन्ही वाटांत एकच शहाणपणाची आणि बाकीच्या चुकीच्या, असे म्हणता येत नाही.

आता परळचेच उदाहरण घेऊ. टाटा रुग्णालयातील डॉक्टरांनी रोग अधिक जोखमीचा असलेल्या २२४ रुग्णांचा अभ्यास केला. त्यांतील बहुतेकांचा पीएसएमए पेट स्कॅन आधी झालेला होता. निम्म्यांना फक्त प्रोस्टेटवर शेक दिला आणि निम्म्यांना ओटीपोटातील लसिकाग्रंथींवरही दिला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पाच वर्षांनंतर, पीएसएच्या मोजणीप्रमाणे, पहिल्या गटातील ८१ टक्के आणि दुसऱ्या गटातील ९५ टक्के रुग्णांत रोग परतला नव्हता. मात्र मोठ्या क्षेत्रावर शेक घेतलेल्यांना पुढे मूत्राशयाचा त्रास जास्त झाला, आणि पाच वर्षांत जगण्याच्या प्रमाणात दोन्ही गटांत विशेष फरक पडला नाही. एका पारड्यात रोग परतण्याची भीती आहे, तर दुसऱ्यात रोजच्या जगण्यातला त्रास. यांतले काय अधिक जड, हे कोण ठरवणार? डॉक्टर माहिती देतील, मुलगा पैसे उभे करील, पण वजन ज्याच्या अंगावर पडणार त्यालाच ते उचलून पाहता येईल.

आणि नेमका तोच माणूस आपल्या घरांत पुष्कळदा अंधारात असतो.

समजा, मुलुंडला राहणारे ७४ वर्षांचे एक निवृत्त कामगार आहेत. रिपोर्ट मुलाच्या हाती पडतो. मुलगा तो मोबाइलवर बहिणीला पाठवतो, बहीण तो दुबईला नवऱ्याला पाठवते. संध्याकाळपर्यंत ते चित्र तीन शहरांत पोहोचलेले असते आणि मामा, मावशी, शेजारी सर्वांना ठाऊक झालेले असते. पप्पांना मात्र सांगितले जाते की थोडी सूज आहे. ज्याच्या शरीरातले ते चित्र, तोच एकटा ते पाहत नाही. भेटीला गेलेल्या आम्हालाही जिन्यात बजावले जाते की, त्यांच्यासमोर काही बोलू नका.

असे करणाऱ्या मुलांना आम्ही दोष देत नाही. त्यामागे प्रेम असते. पप्पा खचतील, जेवण सोडतील, उपचाराआधीच हाय खातील, अशी खरीखुरी भीती असते. आपल्या समाजात दुःख वाटून घ्यायची रीत आहे. म्हाताऱ्या माणसाने आयुष्यभर घर ओढले, आता हे ओझे तरी आपण उचलू, ही भावना उदात्तच आहे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांतही डॉक्टरने आजाराची तीव्रता वाढवून किंवा कमी करून सांगू नये, आणि रुग्णाला, त्याच्या नातेवाइकांना किंवा जबाबदार मित्रांना हिताची ठरेल इतकी माहिती असावी, असे म्हटले आहे. म्हणजे कुटुंबाचे स्थान कोणी नाकारलेले नाही. पाश्चात्त्य पद्धतीने रुग्णाला एकटे बसवून सर्व काही तोंडावर सांगून टाकणे, हेही आपल्याला पटणारे नाही.

तरीसुद्धा लपवण्याचा हा मार्ग आम्हाला योग्य वाटत नाही. याची कारणे शांतपणे पाहू.

पहिले कारण असे की, हे गुपित बहुधा टिकत नाही. ज्याला परळला नेतात, कड्यासारख्या यंत्रात झोपवतात, नातवंडांना काही तास जवळ घेऊ नका असे सांगतात, त्याला काहीच कळत नसेल का? फाइलवरचे नाव वाचता येते. प्रतीक्षा करताना शेजारच्या बाकावरचा माणूस बोलतोच. पप्पांना कळलेले असते, पण मुलांनी लपवले म्हणून तेही कळले नसल्याचे सोंग करतात. मग एकाच खोलीत दोन्ही बाजूंनी नाटक सुरू होते. ज्या दिवसांत एकमेकांचा आधार सर्वांत जास्त हवा, त्याच दिवसांत बाप आणि मुलगा एकमेकांशी खरे बोलू शकत नाहीत.

दुसरे कारण निवडीचे. लघवीवर ताबा राहणार नाही हे मान्य करून शस्त्रक्रिया करावी, की लक्ष ठेवून वाट पाहावी, हा निर्णय सूज आहे असे सांगून घेता येत नाही. माहिती काढून घेतली की निवडही काढून घेतली जाते. आपल्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये यासंबंधी स्पष्ट निकाल दिला. एका प्रौढ स्त्रीवर तपासणीसाठी भूल दिलेली असताना तिच्या आईची संमती घेऊन मोठी शस्त्रक्रिया करण्यात आली होती. तातडीने जीव वाचवण्याचा प्रसंग नसताना सज्ञान रुग्णाच्या जागी आईची संमती चालणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. आईपेक्षा जवळचे कोण? तरी तिलाही तो अधिकार नाही. मग पंच्याहत्तरीच्या बापाचा अधिकार मुलाकडे आपोआप कसा येईल?

तिसरे कारण वेळेचे. आजारी माणसाला काही कामे उरकायची असतात. खोलीची कागदपत्रे, दोन भावांतला जुना अबोला, गावच्या जमिनीचा तुकडा, कोणाची मागायची राहिलेली क्षमा. प्रोस्टेटचा कर्करोग पुष्कळदा सावकाश चालणारा रोग आहे, त्यामुळे माणसाला वेळ मिळतो. पण आपल्याला वेळ मिळाला आहे, हे त्याला कळले तरच त्या वेळेचा उपयोग.

चौथे कारण आपल्या श्रद्धेच्या जीवनाशी थेट निगडित आहे. पप्पांना कळू नये म्हणून फादरांना बोलावणे लांबवले जाते. फादर तेल घेऊन आले म्हणजे शेवट आला, ही समजूत अजून गेलेली नाही. पोप पॉल सहावे यांनी १९७२ मध्ये रुग्णाभ्यंग संस्काराचा नवा विधी दिला, तेव्हाच हे स्पष्ट झाले होते की हा केवळ मरणोन्मुखांचा संस्कार नाही, गंभीर आजारी असलेल्यांचा आहे. शस्त्रक्रियेला जाण्याआधी, शुद्धीत, प्रार्थनेला उत्तर देता येत असताना तो घ्यावा. पण रोगच लपवलेला असला की संस्कारही लपवावा लागतो, आणि शेवटी तो बेशुद्ध माणसाच्या कपाळावर घाईघाईने लावला जातो. व्हॅटिकनने १९९५ मध्ये आरोग्यसेवकांसाठी प्रसिद्ध केलेल्या सनदेत रुग्णाचा सत्य जाणण्याचा हक्क मान्य केला आहे. सत्य सांगणाऱ्याने सांगून निघून जाऊ नये, रुग्णाच्या सोबत राहावे, ही अपेक्षाही तीत आहे.

यावर कोणी विचारील, सत्य सांगायचेच अशी सक्ती करायची का? नाही. एखादा माणूस स्वतःहून म्हणू शकतो, "बाळा, मला त्यातले काही कळत नाही. तू आणि डॉक्टर मिळून ठरवा, मला फार सांगू नका." हे म्हणण्याचाही त्याला पूर्ण अधिकार आहे. त्याने आपला विश्वास मुलाच्या हाती दिला. इथे मुलगा निर्णय घेतो तो बापाने सोपवला म्हणून. बापाला न विचारता घेतलेला निर्णय आणि बापाने सोपवलेला निर्णय, बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. पण पहिल्यात बाप बाजूला सारलेला असतो, तर दुसऱ्यात तो अजूनही घराचा कर्ता असतो. म्हणून रिपोर्ट येण्याची वाट पाहू नये. तपासणीला जाण्याआधीच विचारावे, "पप्पा, काय निघेल ते तुम्हाला सांगायचे का? किती सांगायचे? तुमच्या वतीने कोणी बोलायचे?" हा एवढा छोटा प्रश्न पुढची कितीतरी खोटी बोलणी वाचवतो.

हाच न्याय तपासणी करण्या-न करण्यालाही लागू आहे. यंत्र आहे म्हणून प्रत्येकाने त्यात शिरलेच पाहिजे असे नाही. सत्तरीपुढच्या अनेक पुरुषांत या कर्करोगाच्या बारीक गाठी असतात. त्या त्यांना आयुष्यात कधीच त्रास देत नाहीत, आणि ते दुसऱ्याच कारणाने देवाघरी जातात. हृदयाने थकलेल्या ८५ वर्षांच्या आजोबांना, कोणताही उपचार करायचा नसताना, केवळ मुलांच्या मनाच्या समाधानासाठी एकेक यंत्रात घालणे हे प्रेम आहे की आपल्याच भीतीवरचा उपाय आहे? पोप पायस बारावे यांनी नोव्हेंबर १९५७ मध्ये डॉक्टरांसमोर बोलताना सांगितले होते की, जीव जपण्यासाठी साधारण साधने वापरण्याचे कर्तव्य माणसावर आहे, पण स्वतःला किंवा इतरांना अतिशय जड होतील अशी साधने वापरण्याची सक्ती त्याच्यावर नाही. पेट स्कॅनचा खर्च काही हजारांच्या घरात जातो. पैसे उभे करताना कोणाची फी अडते, कोणाचे दागिने गहाण पडतात. या गोष्टी बोलणे म्हणजे बापाच्या जिवाची किंमत करणे नव्हे. बापालाच विचारले तर बहुधा तोच आधी हा हिशेब मांडील.

याचा अर्थ तपासणी टाळावी असा कोणी घेऊ नये. लघवीत रक्त, धार अडणे, हाडांचे न थांबणारे दुखणे यांकडे लाजेने दुर्लक्ष करणारे पुरुष आपल्यात कमी नाहीत, आणि उशिरा पोहोचल्याची किंमत त्यांच्या बायकामुलांना मोजावी लागते. ज्याच्यावर उपचार शक्य आहेत, त्याला गाठीची नेमकी जागा कळणे हे वरदानच आहे. आमचे म्हणणे इतकेच की, "या चित्राने पुढे काय बदलेल?" हा प्रश्न डॉक्टरांना आधी विचारावा, आणि तो रुग्णाच्या उपस्थितीत विचारावा.

मग सांगावे कसे? आमच्या पाहण्यात आलेल्या काही साध्या गोष्टी लिहितो. घरात गर्दी नसताना, बसून, हळू सांगावे. आधी त्यांना काय वाटते ते विचारावे. पुष्कळदा निम्मे उत्तर त्यांच्याकडेच असते. एका दिवसात सर्व सांगण्याची गरज नाही. त्यांनी थांबवले की थांबावे, त्यांनी विचारले की खोटे बोलू नये. आईला वगळू नये. या आजाराचा भार पत्नीवरही पडतो आणि तिच्याशी त्याविषयी कोणीच बोलत नाही. आकडे सांगताना घाई करू नये, कारण ठिपका दिसला एवढ्यावरून आयुष्याचा हिशेब निघत नाही. आणि सांगून झाल्यावर उठून जाऊ नये. सोबत चहा घ्यावा, वाटल्यास एकत्र रोझरी म्हणावी, वाटल्यास नुसते गप्प बसावे.

ज्यांच्या चित्रात ठिपके ठिकठिकाणी उजळलेले असतात, हाडांपर्यंत रोग गेलेला असतो, त्यांच्या घरात हे सर्वांत कठीण जाते. तिथेही करण्यासारखे खूप असते. औषधांनी असा रोग पुष्कळदा बराच काळ आटोक्यात राहतो. पीएसएमएला चिकटणाऱ्या रेणूवरच उपचाराचे किरणोत्सारी औषध जोडून देण्याची पद्धतही आता आली आहे, आणि २०२२ मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. आणि उपचार संपले तरी सेवा संपत नाही. वांद्र्याला डॉ. लुईस डिसोझा यांनी १९८६ मध्ये सुरू केलेले शांती आवेदना सदन हे कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यातील रुग्णांची सेवा करणारे देशातील पहिले केंद्र. आता आपल्यासाठी कोणी काही करणार नाही, ही रुग्णाची भीती दूर करण्यासाठीच अशा संस्था उभ्या राहिल्या. पण तिथे जायचे की घरीच राहायचे, हेसुद्धा त्या माणसाला विचारायला हवे. त्यासाठी त्याला माहीत असायला हवे.

आपण धर्मग्राम म्हणून काय करू शकतो? भेटीला जाणाऱ्यांनी जिन्यात दिलेल्या सूचनेला मान देऊन गप्प राहावे, पण त्याच जिन्यात मुलांशी प्रेमाने बोलावे. सांगायचे धैर्य होत नसेल, तर फादरांची किंवा ओळखीच्या डॉक्टरांची मदत घेता येते हे सुचवावे. परळला सोबत जायला माणूस नसेल तर एक दिवस काढावा. आणि आवारात गप्पा मारणाऱ्या आपल्या ज्येष्ठ बांधवांनी साखर व गुडघ्यांच्या यादीत प्रोस्टेटचेही नाव मोकळेपणाने घ्यावे. कोणी आधी बोलले की दुसऱ्यालाही बोलता येते.

यंत्र अंधारातला ठिपका दाखवते, ही माणसाच्या बुद्धीची मोठी देणगी आहे. पण ज्याच्या शरीरात तो ठिपका आहे, त्याला दूर ठेवून आपण सर्वांनी तो पाहायचा, हे काही बरे नव्हे. या आठवड्यात कोणाच्या घरी रिपोर्टचे पाकीट येणार असेल, तर ते उघडण्याआधी पप्पांना जवळ बसवावे आणि कोणी उघडायचे ते त्यांनाच विचारावे.